कुत्रा आपलं का ऐकतो?

आज्ञा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोघं उभे राहतात: हुकूम सोडणारा आणि मुकाट्यानं ऐकणारा. कुत्र्याला शिकवताना आपण हेच चित्र मनात धरतो. ते आज जरा तपासून पाहू.

कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला कळपाचा म्होरक्या लागतो, म्हणून त्याला दाबून ठेवावं, असं पूर्वी सांगत. ही समजूत मुख्यतः बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणावर उभी होती. डेव्हिड मीच या संशोधकानं रानातले मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली मांडलं, की त्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. म्हणजे ज्याला आपण दरारा समजत होतो, ते मुळात पालकत्व होतं.

आम्ही स्वतः ही चूक केलेली आहे. आमच्या घरी रस्त्यावरून आणलेला एक कुत्रा होता. फाटकाबाहेर पळाला की आम्ही हाका मारायचो, आणि उशिरा आला की फटका द्यायचो. आम्हाला वाटे, पळाल्याची शिक्षा दिली. त्याला कळलं एवढंच, की हाकेला ओ देऊन गेलं की मार बसतो. दिवाळीत फटाक्यांना घाबरून तो मोठ्या रस्त्यावर गेला. आम्ही हाका मारल्या, तसा तो आणखी लांब पळाला. वाहनांतून वाचला, हे त्याचं नशीब. आमची शिकवण नव्हे.

इथे कार्यकारणाचा प्रश्न आहे. कुत्रा कृतीचा संबंध तिच्या लगेच पुढे घडणाऱ्या गोष्टीशी जोडतो. म्हणून बक्षीस क्षणा-दोन क्षणांत मिळायला हवं, आणि तासाभरानं रागावणं व्यर्थ. आपण म्हणतो, 'बघा, चेहऱ्यावर अपराधीपणा दिसतोय!' अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रयोगातून दाखवलं, की तो चेहरा कुत्र्याच्या गुन्ह्यापेक्षा मालकाच्या रागावण्याशी जुळतो.

मग करायचं काय? आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नाव घेऊन रागावणं बंद. हाकेला आला, कितीही उशिरा, की शाबासकी आणि खाऊचा तुकडा. सराव पाच मिनिटांचा, दिवसातून दोन-तीनदा. आधी घरात, मग अंगणात, मग लांब दोरी बांधून मैदानात. एका शब्दाला एकच अर्थ. आमच्याकडे 'बस' म्हणजे खाली बसणं, आणि 'बस झालं' म्हणजे पुरे! बिचाऱ्यानं काय समजावं? शेवटी बसण्यासाठी घरात सगळ्यांनी 'बैस' ठरवलं. विश्वास परत यायला बरेच महिने लागले.

महाभारताच्या आदिपर्वात सरमा या देवशुनीची गोष्ट आहे. जनमेजयाच्या सत्रात तिचं पिल्लू येतं. त्यानं हवीला तोंड लावलेलं नसतं, तिकडे पाहिलेलंही नसतं, तरी राजाचे भाऊ त्याला मारतात. सरमा येऊन विचारते, याचा अपराध काय? कुणीच काही बोलत नाही.

तो प्रश्न आपल्यालाही आहे. ज्याला कारण कळत नाही त्याला दिलेली शिक्षा, ही शिक्षा ठरते का? आमचं उत्तर 'नाही' असं आहे. ती त्याच्या लेखी नुसती मारहाण असते. आणि ज्याच्याजवळ जायला भीती वाटत नाही, त्याच्याच हाकेला कुणीही धावत येतं. माणूससुद्धा.

आता आपले प्रश्न घेऊ.