दुर्गाडीच्या पुलावरून खाली बघा

समुद्राचा इतिहास म्हटलं की आपण थेट अलिबाग नाहीतर मालवण गाठतो. मी डोंबिवलीत राहतो, आणि मीसुद्धा कित्येक वर्षं दुर्गाडीच्या पुलावरून भिवंडीला जाताना फक्त ट्रॅफिकला शिव्या दिल्या. खाली दिसते ती उल्हास नदी, म्हणजे खरं तर खाडीच. भरतीचं पाणी कल्याणपर्यंत चढतं. म्हणूनच इथे बंदर झालं. उघड्या समुद्राचा मारा नाही, आणि उतरवलेला माल पुढे बैलांवर लादून नाणेघाटातून थेट जुन्नरला.

हे किती जुनं? पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात, 'पेरिप्लस'मध्ये, कल्याणचं नाव आहे. तेही तक्रारीसकट! आधी हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण सत्ता बदलली आणि आता इथे चुकून आलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेतात, असं त्यात लिहिलंय. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत तर कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेली दानं आजही वाचता येतात.

आता मुख्य गोष्ट. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. दुर्गाडी बांधला आणि खाडीत जहाजं बांधायला सुरुवात केली. १६५९ च्या एका पोर्तुगीज पत्रात भिवंडी, कल्याण, पनवेलला लढाऊ जहाजं तयार होतायत, याची काळजी स्पष्ट दिसते. काळजी का, ते मॅप उघडून बघा. कल्याणहून निघालेलं जहाज समुद्राला लागणार कुठून? वसईच्या खाडीच्या तोंडातून. आणि वसई पोर्तुगीजांकडे. म्हणजे दुसऱ्याच्या दारातून बाहेर पडायचं आणि त्याच्याशीच टक्कर घेण्याची तयारी करायची. मला तरी हे धाडस किल्ल्यापेक्षा मोठं वाटतं.

ठाण्याचा किल्ला मात्र आतून बघता येत नाही, कारण तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. पोर्तुगीजांनी तो १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला. १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरेंना फाशी दिली तीही इथेच. स्टेशनजवळचा चेंदणी कोळीवाडा मात्र चालत फिरता येतो.

तर दुर्गाडीला जाच, पण रायगडाची अपेक्षा ठेवून नको. तटबंदी बरीच पडलीये, वर देवीचं देऊळ आहे, आणि नवरात्रात पाय ठेवायला जागा नसते. नौदलातून निवृत्त झालेली टी-८० ही बोटही संग्रहालयासाठी इथे आणलीये. खरं बघायचं ते पाणी. भरतीची वेळ मोबाईलवर बघून निघा. ओहोटीला नुसता चिखल आणि प्लास्टिक दिसतं, आणि मग इथे कधी गलबतं बांधली जायची हे कुणी सांगितलं तरी पटत नाही.