बुळकांड्याचा समुद्रातला भाऊबंद

या रे, जवळ बसा. आज समुद्रातल्या एका साथीची गोष्ट सांगतो. पण सुरुवात आपल्या गोठ्यापासूनच करावी लागेल. माझ्या लहानपणी गावात बुळकांड्या यायचा. गुरांच्या नाकाडोळ्यांतून पाणी गळायचं, हगवण लागायची आणि बघता बघता दावणी रिकाम्या व्हायच्या. तुम्ही तो पाहिला नाहीत, कारण २०११ साली तो जगातून कायमचा गेल्याचं जाहीर झालं. हा बुळकांड्याचा विषाणू, तुमच्या आजीला झालेल्या गोवराचा विषाणू आणि कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू, तिघे एकाच कुळातले. त्यांचा एक भाऊबंद समुद्रात राहतो, आणि १९८८ पर्यंत कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

डेन्मार्क आणि स्वीडनच्या मधल्या समुद्रात आन्होल्ट नावाचं वाळूचं छोटं बेट आहे. तिथल्या किनाऱ्यावर हार्बर सील ऊन खात पडलेले असतात. १९८८च्या एप्रिलमध्ये तिथल्या माद्या गाभडू लागल्या. मग मोठाले सीलही खोकू लागले, नाकं वाहू लागली, धाप लागू लागली. दम लागलेला सील बुडी मारणार कशी आणि मासे पकडणार कसे? साथ जर्मनी, नेदरलंड्स, ब्रिटनपर्यंत पसरली. वर्षभरात सुमारे १८,००० सील गेले. किनारे मेलेल्या सीलांनी भरले होते रे.

लोकांनी आधी बोट दाखवलं ते कारखान्यांच्या सांडपाण्याकडे. मग नेदरलंड्समधल्या आल्बर्ट ऑस्टरहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं, की हा गोवराच्याच कुळातला विषाणू आहे. झालं, संशय कुत्र्यांवर गेला. त्याच सुमारास रशियातल्या बैकाल सरोवरातले सीलही मरत होते. तिथे निघाला खरोखरच कुत्र्यांचा डिस्टेंपर! पण उत्तर समुद्रातला विषाणू ताडून पाहिला तर तो निराळा, सीलांचा स्वतःचा. मग तो आला कुठून?

मला या गोष्टीतली सगळ्यात आवडती वस्तू आता येते: बर्फात ठेवलेल्या रक्ताच्या जुन्या कुप्या. तुम्हाला गोवर येऊन गेला की अंगात त्याची खूण राहते, प्रतिपिंडं म्हणतात तिला. साथीच्या आधीच ग्रीनलंडजवळच्या हार्प सील या दुसऱ्या जातीच्या सीलांचं रक्त कुणीतरी जपून ठेवलं होतं. ते तपासलं, आणि त्यात हीच खूण सापडली. दूर उत्तरेला हे दुखणं आधीपासून मुरलेलं होतं, आणि तिथे त्याचा कुठे बोभाटा झाला नव्हता.

आता नीट ऐका. असा विषाणू जिवंत राहायला सतत नवे, न आजारलेले जीव लागतात. गोवर छोट्याशा बेटावर फार दिवस टिकत नाही, सगळ्यांना होऊन गेला की विझतो. हार्बर सीलांचे कळप तसे छोटे. हार्प सील मात्र लाखांनी, दरवर्षी नवी पिल्लं, म्हणून तिथे आग धुमसत राहू शकते. आणि १९८७च्या सुमारास काय झालं होतं? बॅरेंट्स समुद्रातले कॅपेलिन नावाचे चिमुकले मासे कमालीचे घटले होते. उपाशी हार्प सील हजारोंनी नॉर्वेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे आले, कोळ्यांच्या जाळ्यांत अडकून मेले. त्यांच्याच सोबत विषाणू आला असावा, असं बहुतेक शास्त्रज्ञांना वाटतं. छोटा मासा कमी झाला आणि शेकडो कोसांवरच्या बेटावर माद्या गाभडल्या. विचार करा.

चौदा वर्षांनी, २००२च्या मेमध्ये, पुन्हा तेच आन्होल्ट! तोवर एकदा आजारी पडून वाचलेले सील थोडेच उरले होते, बाकी सगळी नवी पिढी, अंगात खूण नसलेली. या वेळी आधीपेक्षाही जास्त सील मेले. साथ मधले कितीतरी किनारे सोडून एकदम नेदरलंड्सच्या वाडन समुद्रात उगवली. आपसूक थोडीच गेली असेल? संशय करड्या सीलांवर आहे. ते लांबलांब फिरतात, हार्बर सीलांच्याच वाळूवर येऊन पडतात, पण या रोगाने त्यातले मोजकेच दगावतात.

मग २००४ साली हाच विषाणू अलास्काच्या समुद्री पाणमांजरांत सापडला, थेट पॅसिफिकमध्ये! अटलांटिकहून तिकडे जायची वाट एरवी बर्फाने अडवलेली असायची. शास्त्रज्ञांनी २००१ ते २०१६ या काळातले सील, समुद्रसिंह आणि पाणमांजरांचे नमुने तपासले, शेजारी आर्क्टिकच्या बर्फाचे नकाशे ठेवले. ज्या वर्षी रशियाच्या उत्तरेकडचं बर्फ वितळून पाण्याची वाट मोकळी झाली, त्याच्या पुढच्या वर्षांत अंगात खूण असलेले जीव वाढलेले दिसले.

आजही कुणीतरी गार वाऱ्यात, ओल्या वाळूवर गुडघे टेकून एखाद्या सीलाचं थेंबभर रक्त काढतं, कुपीवर तारीख लिहितं आणि बर्फात ठेवून देतं.