कावीळ ओसरली, पण कोणाच्या घरातून?

दूषित अन्नपाण्यातून पसरणाऱ्या ‘ए’ प्रकारच्या काविळीचा बालवयातील संसर्ग घटत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्याचे श्रेय औषधांना देता येणार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने १९८२ ते १९९८ या काळातील रक्तनमुने तपासले, तेव्हा घट मुख्यतः सुस्थितीतील वर्गात आढळली. गरीब वर्गात संसर्ग जवळजवळ सार्वत्रिकच होता. सरकारी लसीकरणात या रोगाची लस तेव्हा नव्हती. म्हणजे रोग हटविला तो शुद्ध पाण्याने, घरच्या शौचालयाने आणि ते परवडणाऱ्या उत्पन्नाने.

येथेच एक विपर्यास संभवतो. बालपणी हा आजार बहुधा सौम्य असतो व जन्माची प्रतिकारशक्ती देऊन जातो; प्रौढपणी तोच तीव्र होतो. रामदासपेठेत गाळलेले पाणी पिऊन वाढलेला तरुण बाहेरच्या एका पेल्याने अंथरुणास खिळू शकतो. दिल्लीत १९५५-५६ साली सांडपाणी पाणीपुरवठ्यात शिरले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती ‘ई’ प्रकारची होती. धडा मात्र तोच.

शुद्धीकरणाचे यंत्र ही खाजगी वस्तू आहे. आरोग्य तसे नाही. महापालिकेच्या अंदाजपत्रकात झोपडपट्टीतील जलवाहिनी व मलवाहिनी यांना अग्रक्रम मिळावा, ही मागणी परोपकाराची नसून आपल्याच हिताची आहे.