आईने वायर ओढली, मग आईच गेममध्ये आली!

आज २०१४ चं 'सोर्ड आर्ट ऑनलाइन २', त्यातला शेवटचा 'मदर्स रोझारिओ' हा भाग. असुनाने शाळा बदलावी हा आईचा हट्ट. लेक गेममध्ये असताना ती सरळ हेडसेटची वायरच ओढते. आपल्याकडे राउटर बंद करतात, तसंच!

मग असुना आईलाच गेममध्ये नेते. खिडकीबाहेर बर्फातली उंच झाडं, अगदी मियागीतल्या तिच्या माहेरासारखी. आई रडते, आणि रडू लपवता येत नाही. कारण हे काल्पनिक यंत्र थेट मेंदूशी जोडलेलं. आपले हेडसेट मुख्यतः डोळ्यांपुढे दोन चित्रं धरतात, डोक्याची हालचाल मोजतात. इंजिनिअर म्हणून मला या सीनमध्ये ग्राफिक्सपेक्षा हा इनपुटच भारी वाटतो.

शेवटी आई शाळेचा हट्ट सोडते. पण अट आहेच: मार्क वाढव!