बदली आली, कपबश्या सांभाळा!

"काकू, हा सेट बरोबर नेऊ, की आईकडेच माळ्यावर ठेवून जाऊ?"

शेजारच्या घरातली लेक दारात उभी होती. हातात लग्नात आलेल्या डिनर सेटचं भलंमोठं खोकं. चार महिन्यांपूर्वी तिचं लग्न झालं. नवरा लष्करात कॅप्टन. आता पहिल्यांदाच त्यांना क्वार्टर मिळालं होतं, तेही थेट जालंधरला. कुठे बनशंकरी, कुठे जालंधर! सामान ट्रकने जाणार, आठवडाभर रस्त्यात असणार, आणि वाटेत ते किती वेळा उतरेल-चढेल याचा नेम नाही.

हा प्रश्न तिने मला विचारला यात नवल काहीच नाही. आमचे हे ईएमईमध्ये होते. १९८८ साली बेळगावहून लग्न होऊन निघाले, ती २०१६मध्ये ह्यांच्या निवृत्तीनंतर इथे बनशंकरीत येऊन टेकले. मधल्या २८ वर्षांत नऊ वेळा बिऱ्हाड हललं. सिकंदराबाद, जबलपूर, जोरहाट, खडकी, मध्ये ह्यांचं फील्ड पोस्टिंग म्हणून आम्ही मायलेकरं बेळगावात, आणि शेवटी हलसूरची ५१५ आर्मी बेस वर्कशॉप. काळ्या रंगाच्या चौदा पेट्या, त्यांवर पांढऱ्या रंगात ह्यांचं नाव आणि नंबर. त्याच पेट्या नव्या गावी गेल्या की वर गादी घालून दिवाण व्हायच्या, पडदा लावला की टीव्हीचं टेबल व्हायच्या. सैन्यातल्या घरांत फर्निचर म्हणजे हेच!

त्या चौदांपैकी सात नंबरच्या पेटीत काचसामान असायचं. या सात नंबरनं मला बरंच काही शिकवलं, आणि त्याची फीही भरपूर घेतली.

पहिल्याच बदलीत अर्धा सेट

पहिल्या बदलीच्या वेळी मी बश्या एकावर एक रचल्या. मध्ये वर्तमानपत्राचा एकेक कागद घातला, वरून सुतळी बांधली आणि शहाणपणानं पेटीच्या तळाशी आडव्या ठेवल्या. जबलपूरला पेटी उघडली तर खालच्या सात बश्यांचे तुकडे. वरच्या पाच मात्र ठणठणीत!

ह्यांनी तुकडे हातात घेऊन मला गाड्यांचं शास्त्र सांगितलं. आडव्या थप्पीत प्रत्येक धक्क्याला वरच्या सगळ्या बश्यांचं वजन खालच्या बशीच्या पोटावर येतं आणि तिला वाकवू पाहतं. चिनी माती दाब सोसते, वाकणं सोसत नाही. तीच बशी कडेवर उभी ठेवली, तर धक्का तिच्या जाडीतून आरपार जातो. तेव्हापासून माझ्या बश्या पेटीत कपाटातल्या पुस्तकांसारख्या उभ्या असतात. तळाला घडी घातलेली जुनी गोधडी, चांगली चार बोटं जाड. त्यावर बश्या, प्रत्येक वेगळ्या कागदात, आणि दर चार बश्यांमागे पुठ्ठ्याचा तुकडा.

कागदाबद्दलही एक चूक सगळ्याजणी करतात. कागद सपाट गुंडाळायचा नसतो, चुरगाळून घ्यायचा असतो. संरक्षण कागद करत नाही, त्यात अडकलेली हवा करते. १९५७ साली अमेरिकेत फील्डिंग आणि शावान या दोघांनी प्लास्टिकचे दोन पडदे चिकटवून मध्ये हवेचे फुगे ठेवले ते खरं तर भिंतीला लावायच्या कागदासाठी. भिंतीला ते कुणी लावलं नाही, पण आज तेच बबल रॅप म्हणून सगळं जग वापरतं. ते मिळत असेल तर जरूर घ्या. नसेल तर रद्दीवाला आहेच. फक्त सोनेरी काठाच्या बश्यांना आधी जुन्या धोतराचा किंवा साडीचा मऊ तुकडा लावा आणि मग वर्तमानपत्र. छपाईची शाई काठावर बसते आणि घासून काढायला गेलं की सोनंही जातं. बाकीची भांडीसुद्धा नव्या घरी वापरण्याआधी एकदा धुवायला विसरू नका.

कपाचा जीव त्याच्या कानात असतो. आधी कानाभोवती कागदाची वळकटी गुंडाळायची, मग अख्खा कप. ठेवायचा पालथा. कपात कप कधी घालू नये, आणि ग्लासात ग्लास तर नाहीच. प्रवासात ते असे घट्ट बसतात की ओढताना दोन्ही जातात. बसलेच, तर ओढाताण न करता आतल्या ग्लासात गार पाणी भरा आणि बाहेरचा कोमट पाण्यात धरा. आतला आकसतो, बाहेरचा प्रसरतो आणि दोघं आपोआप सुटतात.

ग्लासांसाठी सर्वांत उत्तम खोकं कोणतं, हे सांगायला जरा संकोच वाटतो. मिलिटरी कॅंटीनमधून दारूच्या बाटल्यांची जी खोकी निघतात, त्यांत बारा कप्पे असतात आणि पुठ्ठाही दणकट असतो. आमचे हे थेंबालाही शिवत नाहीत. पण जोरहाटला आमच्या दारात रमची सहा खोकी उतरली, तेव्हा समोरच्या क्वार्टरमधल्या बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी अजून विसरले नाही. नंतर त्याच बाई माझ्याकडून दोन खोकी मागून घेऊन गेल्या!

बरणी रिकामी जाते, पण मोकळी नाही

आजीची लोणच्याची बरणी माझ्याबरोबर सगळीकडे फिरली. वरून तपकिरी, खालून पांढरी, दहा-बारा किलो कैऱ्या सहज मावतील एवढी. आमच्या बेळगावकडच्या माणसाला मातीच्या भांड्याचं अप्रूप असतंच. खानापूरची माती प्रसिद्ध, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही तिथेच आहे. बरणी भरून कधी पाठवू नये. तेल पाझरतं, पेटीभर वास सुटतो आणि वजनाने तळ फुटतो. लोणचं झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात काढून आपल्याजवळ ठेवायचं. पण बरणीची पोकळी वाया का घालवायची? आमच्या बरणीतून मुलांचे स्वेटर, मोजे आणि कानटोप्या जात. बाहेरून रजई. बरणीला स्वेटरांनी जपलं आणि स्वेटरांना बरणीनं.

नव्या गावी पोचल्यावर बरणीला बोटाच्या पेरानं टिचकी मारून पाहायची. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द वाजली तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे असं समजा, मग ती डोळ्यांना दिसो वा न दिसो. अशा बरणीत लोणचं घालू नका. मीठ आणि तेल चिरेतून आत शिरतं आणि लोणचं बिघडतं. तिच्यात कढीपत्त्याचं रोप लावा, तेवढंच तिचं मोल राहतं.

याच विषयावर मला एक गोष्ट फार आवडते. १७५२ साली चीनहून हॉलंडकडे निघालेलं एक जहाज दक्षिण चीन समुद्रात बुडालं. त्यात चहा होता आणि लाखाहून अधिक चिनी मातीची भांडी होती. १९८५मध्ये समुद्रतळातून ती बाहेर काढली, तर असंख्य भांडी शाबूत! त्यांच्याभोवती चहाच्या पत्तीचा थर होता. दोनशे तेहतीस वर्षं चहानं कपबश्या सांभाळल्या. हे वाचल्यापासून मी छोट्या काचेच्या वाट्या आणि मिठाची कुपी तांदळाच्या डब्यात पुरून नेऊ लागले. त्यांतली एकही फुटलेली नाही.

काच म्हणजे सगळी एकच नव्हे, हेही ध्यानात ठेवा. साधी काच तापल्यावर जेवढी प्रसरण पावते, त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाने बोरोसिलिकेट काच पावते. म्हणून तिच्यात गरम चहा बिनधास्त ओतता येतो. साध्या काचेचं तसं नाही. उत्तरेत थंडीच्या दिवसांत ट्रकमधून उतरलेली पेटी बर्फासारखी गार असते. ग्लास काढला, हमालांना गरम चहा दिला आणि ग्लास तडकला, असं माझ्या डोळ्यांदेखत झालंय. पेटी घरात चार तास तशीच राहू द्या. उष्णता देऊन मुद्दाम कणखर केलेली काचही असते. ती मध्यावरचा मार छान सोसते, पण कडेला टवका उडाला की कधीतरी एकदम सगळीच विस्कटते. तिच्या कडा जपा. आणि बिडाचा तवा लोखंडाचा म्हणून निर्धास्त राहू नका. बीड कडक असतं तसं ठिसूळही असतं. खडकीच्या बदलीत माझा आंबोळीचा तवा उभा दुभंगला. तव्याला तेलाचा हात लावा, गोणपाटात गुंडाळा आणि तळाला ठेवा.

ट्रकमध्ये जागा कुठली?

पेटी भरून झाली की झाकण लावण्याआधी दोघांनी उचलून हलकेच हलवायची. आतून किणकिण ऐकू आली तर पुन्हा उघडायची. पोकळी राहिली आहे, तिथे टॉवेल, उशांचे अभ्रे, काहीही कोंबा. जड काचसामानाला लहान खोकं घ्या. मोठं खोकं हाताला पेलत नाही आणि न पेललेली वस्तू हमाल खाली ठेवत नाही, टाकतो. त्याचाही दोष नाही.

ट्रकमध्ये काचसामान पुढे, ड्रायव्हरच्या केबिनला लागून. मागच्या चाकांच्याही मागे जो भाग लोंबतो, तिथे धक्का सर्वांत जास्त बसतो. तिथे गाद्या आणि सायकली ठेवा. पेटीवर नुसतं 'ग्लास' लिहून भागत नाही. चारही बाजूंना वरच्या दिशेचा बाण काढा आणि त्या-त्या मुलखाच्या भाषेत लिहा. उत्तरेत 'शीशा', इथे कर्नाटकात 'गाजु'. तोंडानं सांगायचं असेल तर 'मेल्लगे, मेल्लगे' म्हणजे हळू, हळू. एवढे दोन शब्द चहाच्या कपाबरोबर दिले की माणूस पेटी जपून उतरवतो, हा माझा अनुभव.

विम्याचं एक सांगते. एका बदलीत आमचा मिक्सर आणि बारा ग्लास गेले. वाहतूकदाराकडे गेलो, तर उत्तर मिळालं, पेटी तुम्हीच भरली होती, आतलं आम्हाला काय ठाऊक! विम्याच्या कागदातही बारीक अक्षरात तेच होतं. तेव्हा सही करण्यापूर्वी स्वतः बांधलेल्या सामानाची भरपाई मिळते का, ते विचारा. पेटी बंद करण्याआधी आतल्या वस्तूंचे फोटो काढा, वहीत पेटीचा नंबर घालून यादी लिहा. उतरवून घेताना फुटतूट दिसली, तर पावतीवर तिथल्या तिथे नोंद करा.

आणि पहिल्या रात्रीची पिशवी स्वतःजवळ ठेवा. कुकर, त्याची रिंग आणि शिट्टी, चार स्टीलच्या ताटल्या, सुरी, चहा-साखर, लायटर आणि पेटी उघडायला पाना-पेचकस. कुकरची शिट्टी चुकून दहा नंबरच्या पेटीत गेली आणि आम्ही तीन दिवस पातेल्यात भात शिजवला, ही आमच्या घरातली प्रसिद्ध गोष्ट आहे.

हे सगळं मी शेजारच्या लेकीला सांगितलं. पण तिचा मूळ प्रश्न वेगळाच होता. न्यावा, की ठेवावा?

माझ्या आईनं लग्नात मला सहा कप दिले होते. बेळगावच्या खडे बाजारातून आणलेले, पांढरे, काठाला निळी रेघ. पहिल्या बदलीत त्या सात बश्या फुटल्या, तेव्हा मी इतकी धसकले की हे कप गुंडाळले ते सोडलेच नाहीत. गावोगाव फिरले, पण पेटीतच. १९९९च्या हिवाळ्यात माझे वडील जबलपूरला आले. दोन दिवसांचा रेल्वेचा प्रवास करून, लेकीचा संसार बघायला. मी त्यांना स्टीलच्या पेल्यातून चहा दिला. त्यांनी विचारलं, "ते निळ्या काठाचे कप कुठे गं? मीच निवडले होते." मी म्हटलं, "पेटीत आहेत, बाबा. पुढच्या खेपेला काढते." पुढची खेप झाली नाही. त्याच उन्हाळ्यात ते गेले.

सहाही कप आज माझ्या कपाटात आहेत. एकालाही साधा टवका नाही. नऊ बदल्यांतून सहीसलामत आणले म्हणून सगळे कौतुक करतात. मी काही बोलत नाही.

तेव्हा मी तिला म्हटलं, "ने. सगळा सेट ने आणि पोचल्या दिवशी काढ."

दोन दिवस आम्ही तिच्याकडे बसून बांधाबांध केली. तिची आई, मी, आणि मधूनमधून सूचना करायला आमचे हे. कोपऱ्यावरच्या दुकानातून अंड्यांचे रिकामे ट्रे आणले, त्यांत मसाल्याच्या लहान कुप्या छान बसल्या. आजीची बरणीही मी तिच्या सामानात दिली. आम्हा दोघांना आता एवढं लोणचं कुठे लागतं? ह्यांनी स्वतः पेटीवर बाण काढले. हात थरथरतो आता, पण अक्षर तेच.

परवा जालंधरहून फोन आला. सगळा सेट पोचला, बरणी टिचकी मारून पाहिली, खणखणीत आहे. एकच वाटी फुटली, तीही ट्रकमध्ये नव्हे. जावईबापूंनी उत्साहानं भांडी मांडायला घेतली आणि ओट्यावरून पाडली. तिची आई पुढच्या महिन्यात रेल्वेने तिकडे जायची आहे. मी लिंबं चिरून मीठ लावून ठेवली आहेत.