पेंडशांचे गाव, धारपांची आजी

दिवाळीचे दिवे विझतात, हलक्या धानाची कापणी आटोपत येते आणि भाऊबीजेपासून भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडईची जत्रा भरू लागते, तेव्हा मोहाडीच्या आसपासच्या शिवारांतून रात्री ढोलकीचा आवाज ऐकू येतो. तो दंडारीचा असो, खडी गंमतीचा असो की मांडव घालून पहाटेपर्यंत चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकाचा असो, एक गोष्ट मात्र ठरलेली असते, ती ही की तेथे कोणताही रस सोवळ्यात ठेवला जात नाही. नायिकेच्या डोळ्यांतले पाणी सुकण्यापूर्वीच विनोदी पात्र रंगमंचावर धडकते, त्याचे हसू ओसरते न ओसरते तोच नाच येतो, आणि नाचानंतर पुन्हा तीच करुण कथा जिथे थांबली होती तिथून पुढे चालू लागते. शहरी समीक्षकाच्या कपाळावर यामुळे आठ्या पडतात. प्रेक्षकाच्या पडत नाहीत. म्हणूनच पाश्चात्त्य चित्रपटसृष्टीत अभिजात साहित्य आणि भयकथा यांचा जो गोपाळकाला गेल्या काही वर्षांत झाला, ज्यास तिकडे मॅशअप असे म्हणतात, त्याचा विचार करावयास मोहाडीसारखे तालुक्याचे गाव काही वाईट नाही. मिश्रण हे पाप आहे काय, हा प्रश्न येथे कोणी विचारणारच नाही. सोयरीक जुळली की नाही, एवढेच पाहिले जाईल.

या प्रकाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे जेन ऑस्टिनबाईंच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे. 1813 साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी उपवर मुलींची, त्यांच्या चिंताक्रांत आईची आणि दोन मानी मनांच्या हळूहळू उमलणाऱ्या प्रीतीची. सेठ ग्रॅहम-स्मिथ या अमेरिकन लेखकाने 2009 साली या कादंबरीचा बहुतांश मजकूर जसाच्या तसा ठेवून तीत थडग्यांतून उठून माणसांचे मेंदू खाणारी प्रेते घुसविली, आणि मुखपृष्ठावर ऑस्टिनबाईंचे नाव सहलेखिका म्हणून छापले. बाई निवर्तल्यास तेव्हा जवळजवळ दोनशे वर्षे होत आली होती, त्यामुळे हरकत घेण्याचा प्रश्न नव्हता. पुस्तक तडाखेबंद खपले. 2016 साली बर स्टीअर्स यांच्या दिग्दर्शनाखाली त्यावर चित्रपट निघाला, त्यात कादंबरीतल्या बेनेट भगिनी झग्याखाली खंजीर बाळगतात आणि नृत्यसमारंभात प्रेतांची मुंडकी उडवितात. चित्रपटाचा मात्र खर्चही निघाला नाही.

हे असे का व्हावे? आमच्या मते कल्पनेत एक खरा धागा होता, पण तो हातातून निसटला. मूळ कादंबरीत गावाशेजारी सैन्याची एक तुकडी येऊन तळ देते, आणि ती तेथे नेमकी कशासाठी आली आहे हे ऑस्टिनबाई सांगत बसत नाहीत. मुलींना लाल डगल्यांचे तरुण दिसले की पुरे. प्रेतांच्या आगमनाने त्या तुकडीस एकदम काम मिळते, आणि ही युक्ती खरोखरच चतुर म्हटली पाहिजे. परंतु ऑस्टिनबाईंच्या घरात खरे भय वेगळेच आहे. बापाची मिळकत कायद्याने मुलींना मिळावयाची नाही, ती एका दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार, आणि बापाचे डोळे मिटताच पाच मुली व त्यांची आई राहत्या घरातून बाहेर पडणार. साऱ्या थट्टेमस्करीच्या तळाशी ही भीती आहे. प्रेतांनी तिला हात लावला नाही. प्रेते बाहेरून कुंपण ओलांडून आली, आणि बाहेरचीच राहिली.

भयाने अभिजात साहित्याच्या वाड्यात शिरावे, यात नवे असे काही नाही. शेक्सपिअरचा हॅम्लेटच मुळी बापाच्या भुतापासून सुरू होतो, आणि ते भूत मराठीत आणले कोणी, तर बुद्धिप्रामाण्याचे कट्टर पुरस्कर्ते गोपाळ गणेश आगरकर यांनी, 1883 सालच्या ‘विकारविलसित’ या भाषांतरात! चित्रपटाने तर बाल्यावस्थेतच हा व्यवहार आरंभला. 1922 साली मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाने ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ची कथा नावे बदलून ‘नोस्फेराटू’ म्हणून पडद्यावर आणली. स्टोकरच्या विधवेने दावा लावला आणि चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट कराव्यात असा हुकूम न्यायालयाने दिला. काही प्रती वाचल्या, म्हणून तो चित्रपट आज आपणांस पाहावयास मिळतो. भयकथेची जात अशीच चिवट आहे. तिच्यावर हुकूमनाम्याची अंमलबजावणी पुरती होत नाही.

मराठी माणसाने या प्रकारात जी भर घातली, तिचा आरंभ आमच्या या मुलखात झाला, ही गोष्ट येथल्याही फार थोड्या लोकांना ठाऊक असेल. 1993 साली नागझिरा अभयारण्यात राही अनिल बर्वे या चौदा वर्षांच्या मुलास त्याच्या एका मित्राने नारायण धारपांची एक भयकथा सांगितली, आणि मुलाची घाबरगुंडी उडाली. गोंदिया जिल्हा वेगळा होण्यास तेव्हा अजून सहा वर्षे अवकाश होता. नागझिरा भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. व्यंकटेश माडगूळकरांनी ज्या रानावर एक सबंध पुस्तक लिहिले, त्या रानात, जेथे सूर्यास्तानंतर पानही वाजले तरी माणूस कान टवकारतो, तेथे धारप ऐकावयास मिळणे हा योग दुर्मीळच म्हटला पाहिजे. हा मुलगा म्हणजे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचा चिरंजीव. 1997 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने त्या कथेवरून चित्रपटाचा पहिला खर्डा लिहिला. पुढे निर्माते मिळाले, मागे फिरले, सातशे पानांची चित्रमालिका रेखाटून झाली, 2012 साली चित्रीकरण सुरू झाले, कित्येक पावसाळे गेले, आणि अखेर 12 ऑक्टोबर 2018 रोजी ‘तुंबाड’ प्रदर्शित झाला. तत्पूर्वी व्हेनिसच्या महोत्सवातील समीक्षक-सप्ताहाचे उद्घाटन याच चित्रपटाने झाले होते. हा मान त्याआधी कोणत्याही भारतीय चित्रपटास मिळाला नव्हता.

आता या चित्रपटाची वंशावळ पाहावी. नाव घेतले श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून. 1987 साली दोन खंडांत आलेली, हजाराहून अधिक पानांची ही कादंबरी खेड तालुक्यातील जगबुडी नदीकाठच्या एका खोत घराण्याच्या पिढ्यांचा इतिहास सांगते, आणि मराठीच्या अभ्यासक्रमांत व समीक्षेत तिला मानाचे पान आहे. गाभा मात्र धारपांचा. आणि धारपांच्या ‘आजी’ या कथेचा गाभा तरी कोणाचा? स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या ‘ग्रामा’ या कथेचा. किंगच्या कथेत थोरल्या भावाचा पाय मोडतो, आई त्याच्यासाठी इस्पितळात जाते आणि धाकटा मुलगा अंथरुणाला खिळलेल्या भयंकर आजीबरोबर घरात एकटा उरतो. ‘तुंबाड’च्या 1918 सालच्या पहिल्या भागात धाकटा भाऊ झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन जाते आणि साखळदंडांनी बांधलेल्या, शापित म्हातारीला भरविण्याचे काम थोरल्या विनायकाच्या वाट्यास येते. अमेरिकेतल्या एकाकी घरातून निघालेली म्हातारी पुण्याच्या लेखकाच्या हातून नागझिऱ्यास आली आणि तेथून कोकणातल्या वाड्यात जाऊन बसली. धारपांनी किंगचे ऋण एकदाच काढले असेही नव्हे. किंगची ‘सेलम्स लॉट’ ही कादंबरी म्हणजे लहानशा अमेरिकन गावात आणून सोडलेला ड्रॅक्युला. तिचाच मराठी अवतार धारपांची ‘लुचाई’. ज्यास आपण मूळ म्हणतो ते येथे सापडत नाही, उगमाकडे जावे तो आणखी एक ओढा पुढे येतो.

सार्वजनिक वाचनालयात ज्याने बालपण घालविले त्यास या सोयरिकीतील गंमत विशेष जाणवेल. पेंडशांची पुस्तके काचेच्या कपाटात असत, ग्रंथपाल ती अदबीने काढून देत. धारपांची पुस्तके टेबलावर, पृष्ठे मळलेली, मुखपृष्ठ चिकटपट्टीने सांधलेले, आणि नावनोंदणीच्या वहीत त्यांच्यापुढे रांग. नारायण धारप (1925–2008) हे विज्ञानाचे पदवीधर होते. शंभराच्या आसपास पुस्तके त्यांनी लिहिली, समर्थांसारखे लोकप्रिय पात्र निर्माण केले. परंतु वाङ्मयेतिहासाच्या दप्तरात त्यांची नोंद बराच काळ फारशी झाली नाही. ही दोन कपाटे एकमेकांशी बोलत नसत. बर्व्यांनी एकाचा वाडा घेतला आणि दुसऱ्याची आजी त्यात आणून ठेवली.

हा संसार टिकला, कारण दोघांचे भय एकच होते. चित्रपटासाठी रचलेल्या पुराणकथेत समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर आईचे सोने तर हस्तगत करतो, पण धान्याला हात घालताच इतर देव त्याच्यावर तुटून पडतात. त्याची पूजा कधीही होणार नाही या अटीवर आई त्यास वाचविते. तेव्हापासून त्याच्या लंगोटीत मोहरा आहेत आणि पोटात भूक. कणकेची बाहुली दिसली की तो धावतो. ही भूक बाहेरून चिकटविलेली नाही. ज्या वाड्यात मालकाची, म्हणजे चित्रपटातल्या ‘सरकारां’ची, अनौरस संतती, वैधव्य आणि गुप्तधनाची कुजबूज एकत्र नांदते, त्या वाड्याच्या पोटातूनच ती जन्मली आहे. खोत हा सरकार आणि रयत यांच्यामधला वसुलीचा धनी. ही पद्धत मोडावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, आणि कायदा झाला तो 1949 साली. चित्रपटातील तीन भागांची वर्षे, 1918, 1933 आणि 1947, ही त्या व्यवस्थेच्या अखेरच्या घटका मोजणारी आहेत, हे पाहणाऱ्याच्या मनात कोणी न सांगता उतरते. (विनायकाचे पुढे काय होते, ते येथे सांगत नाही, 13 सप्टेंबर 2024 रोजी चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला, आणि पहिल्या खेपेपेक्षा अधिक गल्ला त्याने या दुसऱ्या खेपेस जमविला, म्हणजे न पाहिलेले अजून पुष्कळ असावेत.)

आमच्या भागात खोत नव्हते, मालगुजार होते. वसुली त्यांची, जमिनीवर मालकी त्यांची, आणि कोहळी समाजाच्या कसबी हातांनी बांधलेले तलावही कागदोपत्री त्यांचेच झाले. 31 मार्च 1951 रोजी मालगुजारी गेली. तलाव मात्र ‘माजी मालगुजारी’ म्हणून राहिले, आणि या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून लोक त्यांस मामा तलाव म्हणू लागले. सरकारी दप्तरातील एक रूक्ष संज्ञा लोकांच्या तोंडी आईचा भाऊ होऊन बसावी, हा चमत्कार भाषेसच साधतो. या तलावांवर आणि मालगुजारांच्या पडक्या वाड्यांवर अजून कोणी भयपट काढलेला नाही. काढणाऱ्याने विलायतेहून रक्तपिपासू सरदार मागवू नये. सातबाऱ्याचा उतारा, वाटणीचे कागद आणि धानाची कोठी एवढ्या सामग्रीवर त्याचे काम भागेल. हस्तरास सोने मिळाले आणि अन्न नाकारले गेले, ही गोष्ट धान पिकविणाऱ्या माणसास निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

नागझिऱ्यात ऐकलेली कथा कोकणच्या पावसात भिजून पडद्यावर आली, आणि तिच्यात झाडीचे एक पानही उरले नाही, याचे थोडे वैषम्य वाटते खरे. पण मंडईच्या रात्री नाटक संपल्यावर, पहाटेच्या धुक्यात मामा तलावाच्या पाळीवरून घरी परतणारी मंडळी विनोदी पात्राच्या नकला करीत मोठमोठ्याने हसत असतात, आणि पडक्या वाड्याजवळ आली की, कोणी काही म्हटले नसताही, सगळी एकदम गप्प होऊन झपझप चालू लागतात.