निनावी पत्राची करामत

2024 च्या ऑगस्टात पॅरिस ऑलिम्पिकच्या समारोपाची दृश्ये टेलिव्हिजनवर दाखवीत होते. निरनिराळ्या देशांचे खेळाडू एकमेकांत मिसळून, हसत-खिदळत चालले होते. आमचे दहा वर्षांचे नातू शाळेच्या संचलनात पुढे चालणारे. त्यांना हा गोंधळ मुळीच पसंत पडला नाही. "आजोबा, ह्यांची रांग कुणी मोडली हो?"

प्रश्न मोठा नेमका होता. रांग खरोखरच कुणीतरी मोडली होती, आणि तो 'कुणीतरी' होता सतरा वर्षांचा, सुतारकामाची उमेदवारी करणारा एक पोरगा!

गोष्ट 1956 सालची, मेलबर्नची. ते ऑलिम्पिक भरले तेच मुळी वाईट मुहूर्तावर. हंगेरीतील उठाव रशियन रणगाड्यांनी नुकताच चिरडला होता, सुएझवरून तोफा धडाडल्या होत्या. हंगेरीसाठी हॉलंड, स्पेन आणि स्वित्झर्लंड रुसून बसले. सुएझपायी इजिप्त, इराक व लेबानन आले नाहीत. तैवानला बोलावले म्हणून चीनने पाठ फिरवली. तरुणांनी एकत्र यावे म्हणून मांडलेला खेळ, आणि वडीलधाऱ्यांची भांडणे त्यांच्याआधीच मैदानात येऊन बसलेली!

6 डिसेंबरला हंगेरी आणि रशिया यांचा वॉटर पोलोचा सामना झाला. हंगेरी चार शून्याने पुढे असताना झादोर या त्यांच्या तरुण खेळाडूच्या डोळ्यावर ठोसा बसला. तो रक्तबंबाळ होऊन पाण्याबाहेर आला, प्रेक्षक खवळले आणि सामना तेथेच थांबवावा लागला.

त्याच दिवशी हॉकीची अंतिम लढत होती भारत आणि पाकिस्तान यांची. फाळणीला उणीपुरी नऊ वर्षे झाली होती. आपण ती एक गोलने जिंकली. आमच्या मुंबईकरांना मात्र त्या ऑलिम्पिकचे अप्रूप फुटबॉलसाठी. नेव्हिल डिसोझा या मूळच्या गोमंतकीय गड्याने यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले आणि भारत 4–2 असा जिंकून उपांत्य फेरीत गेला. शेवटी आपला चौथा क्रमांक आला. पुन्हा तेवढी मजल आपण मारलेली नाही, हे दिवाळीच्या दिवशी कशाला उगाळा!

आता तो पोरगा. जॉन इयन विंग हे त्याचे नाव. जन्म ऑस्ट्रेलियातला, पण वंशाने चिनी. तिथे त्या काळी गोऱ्यांखेरीज इतरांना येऊन वसण्यास कायद्याचे अडथळे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या पत्राची किंमत कळते. त्याने आयोजकांना लिहिले की, समारोपाला देशवार रांगा नकोत. एका देशाचे दोघांहून अधिक गडी शेजारी असू नयेत. त्यांनी कवायत न करता मोकळेपणी चालावे, लोकांकडे पाहून हात हलवावा. म्हणजे निदान तेवढा वेळ तरी मैदानावर एकच राष्ट्र असेल. खाली नाव घातले नाही, कारण लोक हसतील ही धास्ती.

असली पत्रे एरवी कुठे जातात ते कचेरीत नोकरी केलेल्या वाचकांना सांगायला नको. पण हे पत्र वर पोचले आणि ऐन वेळी मंजूरही झाले! 8 डिसेंबरला मेलबर्नच्या क्रिकेट मैदानावर खेळाडू एकमेकांत मिसळून चालत आले. उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये असे पूर्वी कधी घडले नव्हते.

ऑलिम्पिक ग्रामात आणखी एक रांग मोडली होती. चेकोस्लोव्हाकियाची ओल्गा फिकोतोव्हा थाळीफेकीत पहिली, अमेरिकेचा हॅरोल्ड कॉनोली हातोडाफेकीत पहिला. दोघांचे मन जुळले. 1957 च्या मार्चमध्ये प्रागमध्ये लग्न झाले, आणि साक्षीला खुद्द धावपटू झाटोपेक! रस्त्यावर माणसांचा पूर लोटला होता. पुढे हे लग्न टिकले नाही, पण तो भाग निराळा.

कलांच्या वाट्याला मात्र एवढे भाग्य आले नाही. 1912 ते 1948 पर्यंत ऑलिम्पिकमध्ये चित्र, शिल्प, वास्तुकला, संगीत आणि साहित्य यांनाही पदके होती. 1912 चे साहित्याचे सुवर्णपदक तर ऑलिम्पिकचे जनक कुबेर्तँ यांनीच टोपणनावाने पटकावले! 1948 मध्ये चित्रकलेतील एक रौप्यपदक गेले ते त्र्याहत्तर वर्षांच्या गृहस्थांकडे. मेलबर्नला पदके नव्हती, नुसती प्रदर्शने होती. आम्हाला विचाराल तर कलेची शर्यत बंद झाली तेच बरे झाले. पण निरनिराळ्या देशांच्या पोरांना एकत्र बसून चित्र काढायची जागा तेथे उरली नाही, याची चुटपुट लागते.

विंगने मागाहून दुसरे पत्र धाडून आपले नाव कळवले. तरी जगाला ते कळायला सुमारे तीस वर्षे लागली. आता ते पहिले पत्र ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

नातवाला हे सारे सांगितले. त्याने एवढेच विचारले, "मग नाव का नाही लिहिले?" आणि उत्तराची वाट न पाहता तो पुन्हा पडद्याकडे वळला.